जँगोत मोबाईल नंबरने लॉगिन: बॅकएंड लिहावा की युजर मॉडेलच बदलावं?

युजरनेमऐवजी मोबाईल नंबरने लॉगिन द्यायचं तर जँगोत, म्हणजे पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, दोन वाटा आहेत. एक, मूळ युजर तसाच ठेवून नंबर प्रोफाइलच्या टेबलात घ्यायचा आणि तो शोधणारा ऑथेंटिकेशन बॅकएंड, म्हणजे लॉगिन तपासणारा कोड, लिहायचा. दुसरी, सेटिंग्जमधलं ऑथ_युजर_मॉडेल (युजरसाठी कोणतं मॉडेल वापरायचं ते इथे ठरतं) बदलून नंबर हीच युजरची ओळख करायची. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या कामात मी पहिली वाट धरली होती, पुढच्या कामात दुसरी.

बॅकएंडचं काम खरंच थोडं असतं. ऑथेंटिकेट आणि गेट_युजर या दोन मेथड, सेटिंग्जमध्ये एक ओळ. बॅकएंड क्रमाने तपासले जातात, त्यामुळे जुनं युजरनेमचं लॉगिनही सुरू ठेवता येतं. बंद केलेलं खातं आत शिरणार नाही, एवढी तपासणी मात्र आपल्या मेथडमध्ये हवी.

मला खटकलं ते काउंटरवर. मूळ युजरला युजरनेम लागतंच, तेही युनिक. तिथल्या ताई नव्या मुलाचं खातं उघडताना त्या रकान्यात मोबाईल नंबरच टाकायच्या, दुसरं टाकणार तरी काय? तोच नंबर पुन्हा खाली प्रोफाइलमध्ये. मुलानं सिम बदललं की खालचा नंबर बदलायचा, वरचा तसाच राहायचा. युजरनेमने लॉगिन तपासणारा जँगोचा मूळ मॉडेलबॅकएंडही यादीत असल्याने जुना नंबर लॉगिनला चालतच राहायचा. शिवाय बंद पडलेला नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्याला देतात. तो नवा माणूस उद्या अभ्यासिकेत आला, तर त्याच्या नंबरावर खातंच उघडणार नाही. सिग्नल (सेव्ह होताच आपोआप चालणारा कोड) लावून दोन्ही रकाने जुळवता येतात, पण एकच नंबर दोन जागी सांभाळायचा कशाला?

युजर मॉडेल बदललं की हा प्रश्नच राहत नाही. जँगोचा तयार साचा अॅबस्ट्रॅक्टयुजर घ्या, युजरनेम काढून टाका, लॉगिनचा रकाना ठरवणाऱ्या युजरनेम_फील्डमध्ये मोबाईल द्या. अॅबस्ट्रॅक्टबेसयुजर या त्याहून कोऱ्या साच्यापर्यंत जायची गरज मला तरी पडली नाही. त्रास आहे, तो लपवत नाही: मॅनेजर (युजर तयार करणारा आणि शोधणारा कोड) नव्याने लिहावा लागतो आणि युजरअॅडमिनमध्ये, म्हणजे अॅडमिनच्या युजर पानांत, जिथेजिथे युजरनेम आहे तिथे बदल करावा लागतो. बदल्यात एक सोय मिळते. मॉडेलबॅकएंड युजर शोधतो तो मॅनेजरच्या गेट_बाय_नॅचरल_कीमधून. तिथेच +९१, सुरुवातीचा शून्य, मधल्या जागा काढून टाकल्या की लॉगिनपुरता वेगळा बॅकएंड लागतच नाही. फक्त फील्डची मॅक्स_लेंग्थ १० ठेवू नका. लॉगिनचा फॉर्म तीच मर्यादा लावतो आणि +९१ टाकणारा दारातच अडतो. मी २० ठेवतो.

प्रोजेक्ट आधीपासून चालू असेल, युजरला जोडलेल्या फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्याकडे जाणारे दुवे) टेबलाटेबलांत असतील, तर मात्र बॅकएंडच बरा. मधेच ऑथ_युजर_मॉडेल बदलणं फार किचकट असतं, जँगोच्या कागदपत्रांतही तसा इशारा आहे. पण पाटी कोरी असेल तर पहिलं मायग्रेट (डेटाबेसची टेबलं बनवणारी कमांड) चालवण्याआधीच मॉडेल बदलून घ्या.