1024 बाय 768 मध्ये अडकलेला डेस्कटॉप: लिनक्स मिंट, सात महिन्यांनंतर

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि घरातल्या जुन्या डेस्कटॉपचं करायचं काय, हा प्रश्न आला. चौथ्या पिढीचा आय-5, 8 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरमधलंच इंटेल एचडी 4600. विंडोज 11 यावर अधिकृतपणे चढत नाही. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट 22 ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, सिनॅमन डेस्कटॉपवाली. सात महिने रोज वापरतोय. मिंटविषयी थोडं आणि स्क्रीनविषयी जास्त लिहितो, कारण पहिला दीड महिना मी स्क्रीनशीच झटत होतो.

मॉनिटर 22 इंची, रिझोल्यूशन 1920 बाय 1080 ठिपके. डिस्प्ले सेटिंगमध्ये मात्र पर्याय एकच, 1024 बाय 768. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं गेल्यामुळे फोटोतली सगळी मंडळी अंगानं सुटलेली. मी फावल्या वेळात पत्रिका आणि सोसायटीच्या नोटिसा बसवून देतो. ‘सर्वांना’ टाइप केलं की रफार आणि अनुस्वार मिळून डोक्यावर एक काळा डाग. प्रूफ काय डोंबल तपासणार! त्यात व्हिडिओ लावला की पंखा घोंघावायला लागायचा.

विंडोजची सवय म्हणून मी आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर, शोधत बसलो. ड्रायव्हर मॅनेजर उघडला, तर तो म्हणे काहीच टाकायची गरज नाही. मला वाटलं, याला कार्ड सापडतच नाहीये. खरं तर तो बरोबर होता. इंटेलचा ड्रायव्हर, आय915, कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो आणि वरचं थ्रीडीचं काम मेसा नावाचं सॉफ्टवेअर बघतं. दोन्ही आधीच बसलेली असतात. हे कळायला मला तीन आठवडे लागले.

घोळ माझाच होता. इन्स्टॉल करताना भाचा म्हणाला, ‘मामा, नोमोडसेट टाक, नाहीतर स्क्रीन काळी पडते.’ त्याच्या लॅपटॉपला ते लागलं होतं. माझ्याकडे काही काळंबिळं पडलं नव्हतं, तरी मी ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइलमध्ये तो शब्द लिहून मोकळा झालो. नोमोडसेट म्हणजे कर्नलला सांगणं की ग्राफिक्सच्या मोडला हात लावू नकोस. मग आय915 कामालाच लागत नाही. सिस्टिम रिपोर्ट्समध्ये रेंडररसमोर, म्हणजे चित्र कोण रंगवतं त्यासमोर, इंटेलच्या जागी ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तेव्हा ट्यूब पेटली: सगळं चित्र सीपीयू एकटा रंगवत होता. शब्द काढला, ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवलं, रीस्टार्ट. खिडक्या लोण्यासारख्या सरकायला लागल्या, पंखा गप्प.

रिझोल्यूशन? 1024 बाय 768. तिथंच.

इथं मी जवळजवळ हात टेकले होते. मॉनिटर स्वतःची माहिती, म्हणजे कोणती रिझोल्यूशन्स चालतात वगैरे, ईडीआयडी नावाच्या 128 बाइटच्या तुकड्यातून संगणकाला कळवतो. तो तुकडा पोचला नाही की संगणक जपून, खालच्या मापावर थांबतो. तात्पुरता उपाय सापडला. टर्मिनलमध्ये ‘सीव्हीटी 1920 1080’ दिलं की ‘173.00’ पासून सुरू होणारी आकड्यांची एक ओळ मिळते. ती ‘एक्सरँडर’ या स्क्रीनचं माप बदलणाऱ्या कमांडला नवा मोड म्हणून द्यायची, मग तो मोड व्हीजीए-1 ला, म्हणजे मॉनिटरच्या जोडणीला, जोडायचा. पहिल्या फटक्यात स्क्रीन मोठी झाली! रीस्टार्टला हे पुसलं जातं, म्हणून त्या ओळी होम फोल्डरमधल्या ‘डॉट एक्सप्रोफाइल’ फाइलमध्ये टाकल्या. हे सगळं एक्स11 या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर. वेलँड या नव्या यंत्रणेवर ही युक्ती चालत नाही. तरी लॉगिनचा पडदा ताणलेलाच राहायचा, कारण ती फाइल लॉगिननंतर वाचली जाते.

असेच दोन महिने काढले. मग एकदा झाडलोट करताना व्हीजीए केबल सुटली. मोबाइलच्या टॉर्चमध्ये तोंड बघितलं. पंधरा जागा, पिना तेरा. नववी नसली तर सहसा चालतं, पुष्कळ केबलींत ती नसतेच. पण बारावीही नव्हती, आणि ईडीआयडी बारा आणि पंधरा या दोन पिनांवरूनच येतो. विंडोजवर ही केबल नव्हती; मधल्या काळात टेबल हलवलं तेव्हा लांब हवी म्हणून बदलली होती, हे तेव्हा आठवलं. नवी केबल लावली, एक्सप्रोफाइल उडवली. लॉगिनपासून सगळं 1920 बाय 1080. त्यानंतर कर्नलची कितीतरी अपडेट आली, स्क्रीनला धक्का नाही.

आता अक्षरं बारीक वाटायला लागली, हा वयाचा भाग. डिस्प्ले स्केलिंग 125 टक्के केलं तर माझ्याकडे कडा धूसर दिसल्या, म्हणून ते 100 वरच ठेवलं आणि फॉन्टच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट स्केलिंग 1.2 केलं. ‘सर्वांना’वरचा रफार वेगळा, अनुस्वार वेगळा दिसतो.

एक गोष्ट सुटणार नाही. एचडी 4600 ला व्हीपी9, म्हणजे यूट्यूब वापरतं त्या प्रकारचा, व्हिडिओ हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही, त्यामुळे यूट्यूबला सीपीयू थोडा राबतोच. 1080 पर्यंत निभावतं, त्यापुढे मी जात नाही.