साल्वादोरचं आफ्रो-ब्राझिलियन रिट्रीट: काय आवडलं, काय खटकलं

ब्राझीलमधल्या साल्वादोरला सात दिवसांच्या ग्रुप रिट्रीटला जाऊन आले. आम्ही चौदा जण होतो, वेगवेगळ्या देशांतले. जायच्या आधी मराठीत याबद्दल काहीच वाचायला मिळालं नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहितेय. रिट्रीटवाल्यांचं नाव देत नाही, कारण तक्रारी पण आहेत आणि त्या मी थेट त्यांनाच कळवल्यात.

साल्वादोर हे बाहिया राज्याचं शहर, 1549 पासून 1763 पर्यंत ब्राझीलची राजधानी. आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणलेली माणसं जगात सगळ्यात जास्त ब्राझीलमध्ये उतरवली गेली, जवळपास 50 लाख, आणि गुलामी कायद्याने बंद झाली ती थेट 1888 मध्ये. पेलोरिन्यो हा जुना भाग आता रंगीबेरंगी घरांच्या फोटोंसाठी फेमस आहे पण त्या शब्दाचा अर्थ गुलामांना बांधून फटके मारायचा खांब. पहिल्याच संध्याकाळी आमच्या गाईडने हे सांगितलं आणि मग पाच मिनिटं काहीच न बोलता आम्हाला त्या चौकात नुसतं उभं केलं. तिथेच मला वाटलं की ही बाई चांगली आहे, आणि ती शेवटपर्यंत चांगलीच निघाली. साल्वादोरचीच, स्वतः कांदोम्ब्ले मानणारी, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या माणसांनी इथे जपलेला धर्म.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तेहेइरोमधली रात्र. तेहेइरो म्हणजे कांदोम्ब्लेचं देवघर म्हणा, वाडा म्हणा, दोन्ही एकत्र. जायच्या आधी गाईडने नीट बजावलं, पांढरे किंवा फिके कपडे, बायकांनी स्कर्ट, फोन गाडीतच ठेवायचा, हाताची घडी नाही, पायावर पाय नाही, बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या. आणि म्हणाली तुम्ही इथे भाग घ्यायला आलेले नाही, पाहुणे आहात, बसा आणि बघा. एकाने विचारलं की आम्हाला नाचता येईल का, तर सरळ नाही म्हणाली. मला हे फार आवडलं.

तीन ढोल असतात, रूम, रूंपी आणि ले. सगळ्यात मोठा रूम, नाचणाऱ्यांचे पाय तोच चालवतो. एकेका ओरिशाची, म्हणजे दैवताची, गाणी योरुबा या पश्चिम आफ्रिकेतल्या भाषेत क्रमाने होतात आणि घेर घालून नाच चालू असतो. मग एका वयस्कर बाईच्या अंगात आलं. लहानपणी जत्रेत मी अंगात आलेल्या बायका पाहिल्यात त्यामुळे घाबरले वगैरे नाही, पण मी बघत राहिले ते त्यांच्या शेजारी आलेल्या एकेदीकडे. एकेदी म्हणजे जिच्या स्वतःच्या अंगात येत नाही आणि जिचं काम ज्यांच्या येतं त्यांना सांभाळायचं. तिने त्या बाईंचा चष्मा काढला, चपला बाजूला ठेवल्या, घाम पुसला, पाठीला कापड बांधलं, सगळं इतक्या मायेने आणि अजिबात घाई नाही. आत घेऊन गेल्या आणि बऱ्याच वेळाने त्या बाई सोनेरी पोशाखात, चेहऱ्यावर मण्यांची झालर सोडलेली, ओशुन होऊन बाहेर आल्या. ओशुन म्हणजे नदीची, गोड्या पाण्याची देवी. माझ्या डोळ्यात पाणी आलं. मध्यरात्रीनंतर सगळ्यांना जेवण वाढलं, आम्हालाही, ओळख ना पाळख.

आणि बाहियामध्ये 1976 पर्यंत याच पूजेसाठी पोलिसांची परवानगी लागायची. त्याआधीच्या काळात तर धाडी पडायच्या, पूजेच्या वस्तू उचलून न्यायचे. हे ऐकल्यावर ते ढोल वेगळेच ऐकू येतात.

आता खटकलं ते. चौथ्या दिवशी 'पानांची आंघोळ' होती, हॉटेलच्या पूलशेजारी, स्पीकरवर स्पावालं म्युझिक लावून, सगळ्यांना एकाच बादलीतलं पाणी. आदल्याच दिवशी साओ जोआकिमच्या बाजारात एका पानवाल्या आजींनी आम्हाला सांगितलं होतं की पान माणसागणिक बदलतं, कुणाला कुठलं ते त्यांच्या तेहेइरोतून ठरतं, आणि पानांचा वेगळा ओरिशा आहे, ओसाइन, त्याला विचारल्याशिवाय पान तोडत नाहीत. मग ही बादली कसली? तसंच कवड्यांचं. कवड्या टाकून ओरिशांना विचारतात, गंभीर गोष्ट आहे, आणि इथे प्रत्येकी पंधरा मिनिटं, दाराबाहेर लाईन. मी गेले नाही. ज्या लोकांनी मार खाऊन हे जपलं त्यांची गोष्ट आपला थकवा घालवायला पॅकेजमध्ये घालणं मला सहन होत नाही, आणि हे मी मीटिंगमध्ये बोलले. गाईड काही बोलली नाही, पण रात्री जेवताना माझ्या शेजारी येऊन बसली.

कापोएरा, म्हणजे वाद्याच्या तालावर नाचासारखी खेळायची लढाईची कला, दोन सकाळी होतं, फारच कमी. 1890 च्या कायद्याने हा गुन्हा होता, नुसतं रस्त्यावर खेळलं तरी तुरुंग, मग मेस्त्रे (म्हणजे गुरू) बिंबांनी 1932 मध्ये शाळा काढली. आम्ही शिकलो तो अंगोला नावाचा प्रकार, मेस्त्रे पास्तिन्यांच्या वळणाचं, संथ आणि जमिनीलगत, आणि त्या संथपणानेच मांड्या भरून येतात. पहिला पूर्ण तास फक्त बेरिंबाऊ हे वाद्य ऐकायला लावलं (एक तार, एक भोपळा, एक काठी, एक नाणं) कारण खेळ किती जलद किती हळू ते बेरिंबाऊच ठरवतं. सरांनी शिकवलं मनापासून, वेळच दिला नव्हता त्यांना.

काशोएराचा दिवस मात्र दहापैकी दहा. साल्वादोरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पाराग्वासू नदीकाठी. तिथल्या बायकांनी सांबा दे रोदा, म्हणजे घेर करून नाचायचा सांबा, दाखवला, त्यात एक बाई जेवायच्या ताटलीवर सुरी घासून ताल धरते, बस एवढंच, आणि कमाल ऐकू येतं. घेरात एकीचं नाचून झालं की ती दुसरीच्या पोटाला पोट टेकवून तिला आत बोलावते. इथे आम्हाला बोलावलं. बोलावल्यावर गेलो.

खाणं: अकाराजे चुकवू नका. चवळी भिजवून, सालं काढून, वाटून, देंदे म्हणजे लाल पाम तेलात तळतात आणि मधे चिरून झिंगे, वातापा नावाची घट्ट पेस्ट वगैरे भरतात. बाई विचारेल 'केंची?' म्हणजे तिखट हवं का, झेपत असेल तरच हो म्हणा. हे मुळात यान्सां या ओरिशाचं अन्न आहे. देंदे पोटाला जड, पहिल्या दिवशी एकच खा.

पेलोरिन्योमध्ये फिल्यूस दे गांधींची जागा आहे तिथेही जा, आमच्या प्लॅनमध्ये नव्हती, मी एकटी गेले. बंदरावरच्या हमालांनी 1949 मध्ये, गांधीजी गेल्याच्या पुढच्याच वर्षी, हा कार्निव्हलचा गट काढला, पांढरे पोशाख, टॉवेलचा फेटा, निळ्यापांढऱ्या माळा, आणि गातात ओरिशांची गाणी. इतक्या लांब आपलं नाव बघून कसं वाटलं ते लिहिता येत नाहीये.

एक महत्त्वाचं जे रिट्रीटवाल्यांनी सांगितलंच नाही, ब्राझीलहून भारतात परत येताना यलो फीवरच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं, लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी, नाहीतर क्वारंटाइन करू शकतात.

परत गेले तर मी कवड्या आणि बादली वगळून उरलेल्याचेच पैसे देईन असं त्यांना मेल केलंय, आणि तो वेळ कापोएराच्या सरांना द्या असंही लिहिलंय. उत्तर आलं की इथेच खाली टाकते.