टोरंटोत बर्फाचा दिवस: गाडी, सबवे की घरूनच काम?

सकाळी पडदा सरकवायच्या आधीच कळतं. रस्त्याचा आवाज येत नाही. ताजा, भुसभुशीत बर्फ आवाज गिळतो, त्यामुळे एरवी घरघरणारा कोपराही गप्प असतो. टोरंटोतला पहिला हिवाळा असेल तर अशा सकाळी चहा उकळेपर्यंत ठरवायचं असतं, की ऑफिसला गाडीने जायचं, सबवेने, की लॅपटॉप घरीच उघडायचा. शिवाय दूध संपलेलं असतं, पार्सल आणायचं असतं आणि औषधांच्या दुकानातही जायचं असतं.

मी तिन्ही करून बघितलंय. नुसता वेळ मोजायचा तर उत्तर सोपं आहे, घरी बसा. पण कामंही उरकायची आणि बर्फाची मजाही हुकू द्यायची नाही असं असेल, तर हिशेब बदलतो.

आधी बर्फ कुठला आहे ते बघा. उणे ३ ते उणे ८, वारा पडलेला, वरून भुरभुर चालू, असा दिवस असेल तरच पुढचं वाचायला अर्थ आहे. शून्याच्या आसपास असेल तर फुटपाथच्या कडेला राखाडी काला होतो आणि चौकात घोटाभर थंडगार पाणी साचतं, त्यात कसली मजा! आणि पडताच गोठणारा पाऊस असेल तर तुलना सोडा, घरीच राहा.

गाडीच्या बाजूने बोलायचं तर डेकेअरमधलं मूल, भारतातून आलेले आई-बाबा किंवा आठवड्याचा किराणा, यातलं काहीही असलं की दुसरा पर्याय नाही. पण गाडी काढायची म्हणजे दिवसाची सुरुवात बर्फाशी भांडूनच होते. वीस मिनिटं आधी उठा, ब्रशने काचा झाडा, गाडीचं छप्परही झाडा. आळसाने छप्पर तसंच सोडलं तर पहिल्या ब्रेकला वरचा सगळा थर घसरून समोरच्या काचेवर येतो. तेवढ्यात प्लाउ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारी गाडी, येऊन गेला तर ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घातलेला असतो. अंगणातला ताजा बर्फ खोऱ्याने सहज ढकलता येतो. हा बांध मात्र दाबलेला, रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने खारट आणि दगडासारखा जड असतो. तो उचलायच्या भानगडीत न पडता थोडा थोडा करून ढकलायचा, नाहीतर कंबर आठवडाभर आठवण देते.

टायरचा खर्चही धरा. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड सुटू लागते, म्हणून हिवाळी टायर. शेजारच्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च ते सक्तीचे आहेत. टोरंटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारियोत सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना त्यावर सवलत द्यावी लागते, ती मागून घ्या. काच धुवायचं पाणी उणे ४० पर्यंत न गोठणारंच भरा आणि भरपूर भरा. माझं एकदा हायवेवर संपलं होतं. पुढच्या ट्रकने उडवलेल्या मिठाच्या पाण्याने काच दुधासारखी झाली आणि उरलेला रस्ता मी मान वाकडी करून एका फटीतून बघत काढला. बर्फ त्या दिवशीही सुंदरच पडत असणार, मी फक्त पुढच्या गाडीचे लाल दिवे पाहिले.

आता माझं मत, म्हणजे सबवे आणि पाय. घरापासून स्टेशन पंधरा मिनिटांच्या चालीवर असेल तर डोळे मिटून हेच निवडा. ती पंधरा मिनिटंच खरी कमाई. पारा आणखी उतरून उणे दहाच्या खाली गेला की बुटाखाली बर्फ करकर वाजतो, अगदी नव्या कोल्हापुरीसारखा. पावलं छोटी टाका आणि पूर्ण तळवा टेकवून चाला, पेंग्विनसारखं. लोक हसत नाहीत, तेही तसेच चालत असतात.

बारीकसारीक कामांसाठीही हाच पर्याय उजवा पडतो, कारण टीटीसीचं, म्हणजे शहराच्या सबवे-बस सेवेचं, एक तिकीट २०१८ पासून दोन तास चालतं. प्रेस्टो हे भाड्याचं कार्ड टॅप करा, मधल्या स्टेशनवर उतरून औषधं घ्या आणि पुन्हा त्याच तिकिटावर चढा. दोन तासांत उलट दिशेने परतलात तरी चालतं. फेब्रुवारी २०२४ पासून गो ट्रेन (आसपासच्या गावांतून येणारी लोकल) आणि शेजारच्या मिसिसागा, ब्रॅम्प्टन शहरांच्या बसमधून टीटीसीवर बदलताना दुसरं भाडंही पडत नाही.

ऑफिस डाउनटाउनला असेल तर युनियन स्टेशनपासून जमिनीखाली पाथ हा पायी चालायच्या बोगद्यांचा जाळा पसरलेला आहे, ३० किलोमीटरहून लांब, दुकानं आणि खाण्याच्या जागांनी भरलेला. सकाळी घाईत असाल तर त्यातून जा. दुपारी मात्र वरून चाला. सिटी हॉलसमोर नेथन फिलिप्स स्क्वेअरवर आइस रिंक आहे, प्रवेश फुकट. स्वतःचे स्केट्स नसले तर कॉफीचा कप हातात धरून दुसऱ्यांचं पडणं बघा, तेही तितकंच छान. पाथमधली कामं संध्याकाळवर ठेवू नका, कारण ऑफिसं सुटली की बरीचशी दुकानं शटर ओढतात.

उणी बाजूही आहे. बर्फाच्या ढिगामुळे कोणी गाडी रुळाला चिकटून लावली की अख्खी स्ट्रीटकार, म्हणजे रस्त्यावरची ट्राम, अडकते, मागच्याही रांगेत उभ्या राहतात. म्हणून अशा दिवशी स्ट्रीटकारवर भरवसा ठेवू नका. सबवेचे उघड्यावरचे टप्पेही रेंगाळतात.

घरून कामाबद्दल थोडक्यात. खिडकीतून दिवसभर छान दिसतं आणि तेवढंच होतं. डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे शेवटची मीटिंग संपेपर्यंत बाहेर काळोख. तेव्हा बारा ते एक कॅलेंडरवर आधीच अडवून ठेवा आणि त्या तासात पार्सल, दूध, शेजारच्या आजींच्या पायऱ्यांवरचा बर्फ, सगळं एका फेरीत करा. गो ट्रेनच्या मिल्टन लाइनवर राहणाऱ्यांना मी हेच सुचवेन. तिथे ट्रेन गर्दीच्या वेळीच धावते, दुपारी लवकर निघावंसं वाटलं तर बसशिवाय इलाज नाही.

थोडक्यात, मूल किंवा मोठा किराणा असेल तर गाडी, स्टेशन जवळ असेल तर पायी आणि सबवे, दोन्ही नसेल तर घर आणि दुपारचा तास. कपड्यांत सुती मोजे तेवढे टाळा, ओले झाले की वाळत नाहीत. लोकरीचे घ्या. बुटांवरचे मिठाचे पांढरे डाग व्हिनेगरच्या पाण्याने पुसले की निघतात.

आणि पायी जाणार असाल तर दुधाची ती ओंटारियोची चार लिटरची पिशवी, आत तीन छोट्या पिशव्या असलेली, त्या दिवशी नको. दोन लिटरचा खोका घ्या, तोही पाठीवरच्या सॅकमध्ये. दोन्ही हात मोकळे हवेत.