हेड उतरवण्याआधी: कॉम्प्रेशन गेज, लीकेज टेस्टर आणि बोरस्कोपचा सात-आठ महिन्यांचा अनुभव

हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) न उतरवता इंजिन आतून तपासायची ही तीन साधनं गेल्या पावसाळ्यापासून सांगलीत रोजच्या कामात आहेत. आट्यांनी बसणारा पेट्रोल कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते मोजणारा), दोन डायलचा सिलिंडर लीकेज टेस्टर (बाहेरून सोडलेली हवा किती गळते ते दाखवणारा) आणि मोबाइलला जोडायचा ५.५ मिमी जाडीचा बोरस्कोप (सिलिंडरात आत बघायचा बारीक कॅमेरा). तिन्ही मिळून सात हजारांच्या आत येतात. गाड्या आपल्या भागात दिसतात त्याच: जुनी ८००, अल्टो, वॅगन-आर, इको, पेट्रोल स्विफ्ट आणि बाहेरून सीएनजी बसवलेल्या बऱ्याच.

निकाल आधीच सांगतो. एकटा कॉम्प्रेशन गेज घेतलात तर अर्धीच माहिती मिळते, आणि अर्ध्या माहितीवर ‘रिंगा गेल्या’ (पिस्टनवरच्या हवा अडवणाऱ्या कड्या झिजल्या) असं सांगून हाफ इंजिन (पिस्टन-रिंगांचं मोठं काम) काढायला लावणारे कमी नाहीत. गेज आणि लीकेज टेस्टर जोडीने वापरले तरच पैसे वसूल होतात. दोघांचं एकमत होतं तेव्हा काम सोपं असतं. खरी माहिती मिळते ती दोघांचं जमत नाही तेव्हा.

कॉम्प्रेशन गेजपासून सुरुवात करू. बाजारात दोन प्रकार मिळतात. रबरी शंकू हाताने दाबून धरायचा प्रकार घेऊ नका. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने गेज दाबायचा, आणि आकडा दाबणाऱ्याच्या मनगटावर ठरायचा, असला तो कारभार. प्लगच्या जागी आट्यांनी बसणारा घ्या. ८०० आणि जुन्या अल्टोला १४ मिमीचे आटे असतात, पुढच्या बऱ्याच इंजिनांना १२ मिमीचे, त्यामुळे किटमध्ये दोन्ही अ‍ॅडाप्टर हवेत. नळी हातानेच आवळायची, पाना लावायचा नाही. टोकाची ओ-रिंग धड असेल तर तेवढ्याने हवा गळत नाही.

आता दुकानदार कधी सांगत नाही ती गोष्ट. गेजच्या नळीत टायरच्या व्हॉल्व्हसारखी एक बारीक पिन असते. ती नळीच्या प्लगकडच्या टोकालाच हवी. गेजच्या बाजूला असेल तर नळीतली सगळी पोकळी कंबशन चेंबरमध्ये (पिस्टन वर आल्यावर त्याच्या डोक्यावर उरणाऱ्या जागेत) मिळवली जाते. ८०० च्या इंजिनाचा हिशेब बघा. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, म्हणजे एकाला साधारण २६५ सीसी. रेशो (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) ९ धरला तर चेंबर ३३ सीसीचा. पाच मिमी भोकाची तीस सेंटिमीटर नळी सहा सीसी हवा धरते. चेंबर ३९ सीसी झाला की रेशो ९ वरून ७.८ वर येतो आणि १२ किलो (दर चौरस सेंटिमीटर) दाखवायच्या जागी गेज १० दाखवतो. इंजिन ठणठणीत आणि कागदावर मात्र आजारी! ही पिन खराब झाली म्हणून टायरची साधी पिन घालणारेही आहेत. तिची स्प्रिंग कडक असते, त्यामुळे आकडा पुन्हा कमीच येतो. गेजसाठी हलक्या स्प्रिंगची पिन वेगळी मिळते. दोन-चार जादा घेऊन ठेवा.

मोजायची पद्धत अशी. इंजिन गरम करून थोडं निवू द्या, हात लावता येईल इतपत. कडक गरम अ‍ॅल्युमिनियम हेडमधून प्लग काढला की आटे सोबत येण्याची भीती असते. प्लग सैल करण्याआधी त्याच्या खड्ड्यात हवा मारा. उसाच्या हंगामात इथल्या गाड्यांच्या त्या खड्ड्यांत धूळ अक्षरशः थर धरून बसलेली असते, ती थेट सिलिंडरात पडते. मग सगळे प्लग काढायचे, कॉइलचे कनेक्टर सोडायचे, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढायचा. गॅसची गाडी असेल तर स्विच पेट्रोलवर आणि टाकीचा हातव्हॉल्व्ह बंद. बॅटरी भरलेली हवी. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा. थ्रॉटल बंद राहिला तर सिलिंडरात हवाच जात नाही आणि सगळे आकडे खोटे येतात. सेल्फ मारून गेजच्या काट्याच्या सहा-सात उसळ्या मोजायच्या, प्रत्येक सिलिंडरला तेवढ्याच.

शेवटच्या आकड्याइतकीच पहिली उसळी महत्त्वाची. रिंगा झिजल्या असतील तर पहिली उसळी कमी येते आणि पुढे आकडा थोडा-थोडा चढत जातो. व्हॉल्व्ह गळत असेल तर आधी कमी आणि शेवटपर्यंत कमीच. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर हेड गॅस्केट (हेडखालची सील-पट्टी) त्या दोघांच्या मध्ये फुटलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

मॅन्युअलमधला आकडा आणि आपला आकडा यांत एक फरक धरायचा असतो. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, इथे हवेचा दाब सहा टक्क्यांनी कमी. मॅन्युअल १४ किलो म्हणत असेल तर इथे १३ च्या आसपास आकडा आला म्हणजे इंजिन उत्तम. महाबळेश्वर १३५० मीटरवर आहे. तिथे तेच इंजिन १२ च्या खालीच दाखवेल. म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघायचा. एक किलोपेक्षा जास्त फरक दिसला की पुढच्या तपासणीला लागायचं. पण ‘तिन्ही सारखे आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नका. एअर फिल्टर नीट न बसल्याने धूळ खाल्लेलं इंजिन तिन्ही सिलिंडरांत सारखंच झिजतं. टायमिंग बेल्ट एका दाताने चुकला तरी सगळे आकडे एकदम पडतात. बेल्ट नुकताच बदलला असेल तर रिंगांना दोष देण्याआधी खुणा जुळवून बघा.

ऑइल टाकून करायच्या चाचणीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. चमचाभर ऑइल टाका, आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह, असं सगळीकडे सांगतात. मोठ्या सिलिंडरला ते ठीक. पण ३३ सीसीच्या चेंबरमध्ये ५ मिली ऑइल नुसतं पिस्टनवर साचून राहिलं तरी चेंबर २८ सीसीचा होतो आणि आकडा दोन किलोने चढू शकतो. रिंगा चांगल्या असल्या तरी! छोट्या इंजिनाला २ ते ३ मिली पुरे, आणि ते सगळ्या सिलिंडरांत सारखं टाकायचं. नुसता चढ बघायचा नाही, इतरांपेक्षा जास्त चढ कुठे आला ते बघायचं. डिझेलला हा प्रयोग करूच नका. तिथे चेंबर इतका लहान असतो की जादा ऑइलने रॉड वाकू शकतो.

लीकेज टेस्टर आल्यापासून ऑइलच्या चाचणीची गरज तशी कमीच पडते. तत्त्व सोपं आहे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (हवा दाबून सगळ्यात वर पोचतो त्या जागी) आणायचा, प्लगच्या भोकातून १०० पाउंडाची हवा सोडायची आणि दुसऱ्या डायलवर किती टिकते ते बघायचं. ९२ दाखवलं तर गळती आठ टक्के. दहाच्या आत उत्तम, वीसपर्यंत गाडी चालते, तिशीच्या पुढे गेली की इंजिनात काम आहे. एकच डायल आणि त्यावर हिरवा-पिवळा-लाल पट्टा असलेले स्वस्त टेस्टर फार कमी दाबावर चालतात. त्यांवर चांगला आणि बरा यांतला फरक कळत नाही.

याचा खरा उपयोग कानांनी होतो. थ्रॉटल उघडा धरून इनटेककडे सूं आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरच्या तोंडाशी आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑइल फिलरचं झाकण काढल्यावर आला तर रिंगा. तिथे थोडा आवाज चांगल्या इंजिनातही येतो, घाबरू नका. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला चीर. शेजारच्या प्लगच्या भोकातून फुसफुसलं तर दोन सिलिंडरांमधलं गॅस्केट. एवढी नेमकी जागा कळल्यावर गिऱ्हाइकाला अंदाजपंचे बोलावं लागत नाही.

सावधगिरी एकच, पण मोठी. ८०० चा पिस्टन ६८.५ मिमीचा. त्यावर १०० पाउंड, म्हणजे सात किलो दर चौरस सेंटिमीटर, हवा सोडली की अडीचशे किलोहून जास्त जोर येतो. टीडीसी नेमका नसेल तर क्रँक सटकन फिरतो. पुलीच्या बोल्टवर पाना तसाच ठेवलेला असेल तर तो हात मोडल्याशिवाय राहत नाही. आधी पाना काढा, गाडी टॉप गिअरला टाकून हँडब्रेक ओढा, रेग्युलेटर शून्यावर ठेवून नळी जोडा आणि मग हळूहळू दाब वाढवा. एक सिलिंडर झाला की चार सिलिंडरच्या इंजिनाला क्रँक १८० अंश फिरवला की फायरिंग ऑर्डरमधला (सिलिंडर पेटायच्या क्रमातला) पुढचा येतो, तीन सिलिंडरला २४० अंश. पुलीवर खडूने तीन खुणा केल्या की दरवेळी टीडीसी शोधत बसावं लागत नाही.

आता दोघांचं जमत नाही ते प्रसंग. कॉम्प्रेशन कमी आणि लीकेज मात्र पाच-सहा टक्के, असं एकाच सिलिंडरात दिसलं तर सांगली-मिरजेत पहिला संशय पुराच्या पाण्याचा घ्यायचा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. सिलिंडरात पाणी असताना सेल्फ मारला की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडासाच वाकला तर गाडी चालू होते, चालतेही. पण त्या सिलिंडरचा पिस्टन वर येतो तेव्हा दीड-दोन मिमी कमी येतो. रिंगा आणि व्हॉल्व्ह चांगले, त्यामुळे हवा गळत नाही. चेंबर मोठा झाल्याने कॉम्प्रेशन मात्र पडतं. एकटा कॉम्प्रेशन गेज अशा गाडीला रिंगा टाकायला लावेल, आणि रिंगा टाकूनही आकडा तिथेच राहील. खात्री करायला बोरस्कोप घाला. लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या) वरच्या कडेला कार्बनचा पट्टा असतो. या सिलिंडरात तो शेजारच्यांपेक्षा रुंद दिसतो. प्लगच्या भोकातून टीडीसीची उंची मोजली तरी कळतं. कॅमची गाठ (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) झिजली तरी आकडे असेच येतात, तेव्हा रॉडवर शिक्का मारण्याआधी व्हॉल्व्ह कव्हर उघडून व्हॉल्व्ह पूर्ण उघडतोय ना ते बघा.

उलटा प्रकार बाहेरून गॅस बसवलेल्या गाड्यांत दिसतो. थंड इंजिनाचं कॉम्प्रेशन चांगलं, गरम झाल्यावर एक सिलिंडर मिसिंग. सीएनजी कोरडा असतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजत जाते आणि व्हॉल्व्ह वर सरकतो. टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट) वाढायच्या ऐवजी कमी होतं. गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, अंतर शून्य होतं आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. अशा गाडीचं लीकेज गरम असतानाच बघायचं आणि मग रात्रभर थंड करून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावायचा. वेळेत अंतर जुळवलं तर काम तेवढ्यावर भागतं. तसंच दामटलं तर व्हॉल्व्ह जळतो, आणि मग हेड लेथवर न्यावं लागतं. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून खूश राहणाऱ्या गॅसवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणखी एक. एकाच सिलिंडरात एक्झॉस्टची गळती अचानक जास्त दिसली तर लगेच हेड खोलू नका. सीटवर कार्बनचा कण अडकला तरी तेच दिसतं. प्लग लावून गाडी खंबाटकीसारख्या चढाला जरा जोरात पळवून आणा आणि पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तोच आकडा आला तर मग खुशाल खोला.

बोरस्कोपबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खोक्यावरच्या मेगापिक्सेलवर विश्वास ठेवू नका. चार ते सात सेंटिमीटरवरचं चित्र बरं येतं, त्याहून जवळचं धूसर. लायनरवरच्या तिरक्या होनिंगच्या (मुद्दाम घासून पाडलेल्या) रेघा, उभे ओरखडे, गंजाचा पट्टा, एखाद्याच पिस्टनचा माथा धुतल्यासारखा स्वच्छ दिसणं, म्हणजे तिथे कूलंट येतोय, एवढं नक्की दिसतं. व्हॉल्व्ह बघायला सोबतचा आरसा लावावा लागतो आणि तो नुसता अडकवलेला असतो. सिलिंडरात पडला तर हेड उतरवूनच काढावा लागेल. बारीक तारेने बांधल्याशिवाय तो आत घालू नये. दोन लेन्सवाला, बाजूला बघणारा कॅमेरा थोडा महाग पडतो, पण आरशाची कटकट संपते. गरम इंजिनात घालू नका. आधी चित्र धुकट होतं, मग कायमचं बंद.

इतक्या महिन्यांत झिजलं काय, तर नळीच्या टोकाच्या ओ-रिंगा दोनदा बदलाव्या लागल्या. हायड्रॉलिकच्या दुकानात काही रुपयांत मिळतात, तेलाला चालणाऱ्या नायट्राइल रबराच्या मागा. टेस्टरचा रेग्युलेटर पावसाळ्यात चिकटला, कारण कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी. रोज सकाळी टाकीचा तळाचा कॉक उघडून पाणी काढा आणि मध्ये एक पाणी-गाळणी लावा. गेजची काच आट्यांवर सैल होते. महिन्याकाठी गेज कॉम्प्रेसरच्या टाकीला जोडून सात किलोवर दुसऱ्या गेजशी ताडून बघायची सवय ठेवा. तपासणी झाल्यावर प्लग परत लावताना टॉर्क रेंच वापरा: १४ मिमीला साधारण २५ न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०. तपासणीत वाचवलेलं हेड प्लग आवळताना आटे मारून घालवण्यात अर्थ नाही.

डिझेलवाल्यांनी हा गेज घेऊ नये. १.३ मल्टिजेटसारख्या इंजिनात आकडे पेट्रोलच्या दुप्पट असतात, पेट्रोलचा गेज पहिल्याच उसळीला काटा वाकवतो. त्यासाठी ७० किलोपर्यंतचा वेगळा किट लागतो आणि तो ग्लो-प्लगच्या जागी बसतो. वर्षानुवर्षं न काढलेला ग्लो-प्लग तुटला तर तुकडा हेडमध्येच राहतो. म्हणून आदल्या दिवशी भेदक तेल मारून ठेवा, इंजिन गरम असताना थोडा-थोडा मागे-पुढे करत सोडवा, आणि अजिबात हलत नसेल तर नाद सोडून सेल्फच्या करंटवरून सिलिंडरांची तुलना करणारा क्लॅम्प मीटर वापरा.