‘नाइस’चा माग काढायला ऑक्सफर्डचा ऑनलाइन कोश

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा, म्हणजे ओईडीचा, कस पाहायचा असेल तर तिच्यात ‘नाइस’ उघडावा. कौतुकाचा हा शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालाय, पण त्याचं मूळ आहे लॅटिन ‘नेस्कियुस’, म्हणजे अडाणी. ‘ने’ म्हणजे नाही, ‘स्किरे’ म्हणजे जाणणं. ‘सायन्स’ याच ‘स्किरे’च्या कुळातला. जुन्या फ्रेंचमार्गे १३००च्या सुमारास तो इंग्रजीत आला तो ‘मूर्ख’ या अर्थाने. पुढे छचोर, मग चोखंदळ, नाजूक, काटेकोर असं करत अठराव्या शतकात ‘छान’वर स्थिरावला. ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे सूक्ष्म भेद. तिथे काटेकोरपणाचा अर्थ अजून जिवंत आहे.

हा प्रवास ओईडी जुन्या लेखनातल्या, सालासकट दिलेल्या अवतरणांतून दाखवते, आणि खरी श्रीमंती तीच. मात्र नोंद वाचायची सवय लागते. अर्थ कालक्रमाने लावलेले असतात, त्यामुळे पहिला अर्थ सर्वांत जुना असतो. तोच आजचा समजला की घोळ होतो. लुप्त अर्थाआधी कट्यारीची खूण (†) असते. सालाआधीचं ‘सी’ म्हणजे ‘सुमारास’, ‘ए’ म्हणजे ‘त्यापूर्वी’. शिवाय पहिल्या अवतरणाचं साल शब्दाच्या जन्माचं नसून सापडलेल्या सर्वांत जुन्या लेखी पुराव्याचं असतं. आणखी जुना पुरावा मिळाला की ते मागे सरकतं.

नुसत्या व्याख्या वाचून थांबू नये. एका अर्थाचं शेवटचं अवतरण आणि पुढच्याचं पहिलं यांची सालं ताडून पाहावीत. जुना अर्थ संपल्यावर नवा सुरू होतो असं क्वचितच घडतं, दोन्ही बराच काळ शेजारी नांदतात. म्हणून सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कित्येक वाक्यांत लेखकाला नेमका कोणता ‘नाइस’ अभिप्रेत होता हे ठरवणं अवघड, अशी कबुली हा कोशच देतो. कोशाचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

अडचण वर्गणीची. ती नसेल तर बराच मजकूर कुलूपबंद राहतो. आधी आपल्या विद्यापीठाचं किंवा ग्रंथालयाचं सभासदत्व चालतं का ते पाहावं. दुसरं, सगळ्या नोंदी सारख्या ताज्या नाहीत. नोंदीचा इतिहास उघडून ती शेवटची कधी सुधारली ते तपासावं.

फक्त व्युत्पत्ती हवी असेल तर डग्लस हार्पर यांचा मोफत ऑनलाइन एटिमॉलॉजी कोश पुरतो. एका परिच्छेदात ‘नाइस’ची मुख्य वाट कळते. अवतरणं तिथे मोजकीच, त्यामुळे अर्थ कसा वळला ते डोळ्यांनी पाहायला पुन्हा ओईडीकडेच यावं लागतं.