कार्ड विकायच्या आधी स्लॉट बघणारं दुकान, लॅमिंग्टन रोड

पाचपैकी पाच स्टार देतोय आणि का ते जरा सविस्तर लिहितो, कारण ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालेल्या कुणाच्या तरी कामाला येईल.

माझा भाचा आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याचा पीसी २०२० मध्ये आमच्या इथल्याच एकाने असेंबल करून दिलेला, रायझन ३ ३२००जी प्रोसेसर आणि बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड. मागच्या वर्षी त्यात चार जीबीचं जीटीएक्स १६५० टाकलं, सेकंडहँड पण चांगल्या कंडिशनचं, बसवायलाही त्याच माणसाकडे दिलं. तेव्हापासून पोराचं एकच, मामा मोठं मॉडेल फिरवायला गेलं की अडकतं, गेम मधेच झटके खातो. बसवणाऱ्याला दोनदा विचारलं तर म्हणे कार्डच कमी पडतंय, मोठं घ्या. मलाही पटलं. वीस हजार बाजूला काढले आणि कॅबिनेट मोठ्या पिशवीत घालून डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत.

दुकानात जाऊन नवीन कार्ड दाखवा म्हटलं. काउंटरवरच्या दादांनी किंमत सांगायच्या आधी विचारलं, "बोर्ड कुठला आहे? आणलाय का सोबत? मग उघडा ना आधी." साइड पॅनल काढलं, त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "कार्ड खालच्या स्लॉटला का लावलंय?"

मी म्हटलं दोन्ही स्लॉट, म्हणजे बोर्डावरच्या कार्ड खोचायच्या खोबणी, सारखेच लांब आहेत की. मग त्यांनी कार्ड काढलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि मला वाकून स्लॉटच्या आत बघायला लावलं. वरच्या स्लॉटमध्ये सोनेरी पिना या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च भरलेल्या. खालच्यात मात्र कॅबिनेटच्या मागच्या पट्टीकडच्या (जिथे कार्ड स्क्रूने आवळतात) अर्ध्याहून कमी भागातच पिना, पुढे नुसतं रिकामं काळं प्लास्टिक! बाहेरून दोन्ही एक्स१६ (म्हणजे सोळा लेनचे, लेन म्हणजे डेटा ये-जा करायची एक वाट), तीच ८९ मिलीमीटरची लांबी, तेच काळं प्लास्टिक, पण खालचा आतून फक्त एक्स४. इतकी वर्षं कॉम्प्युटर वापरतोय पण स्लॉटच्या आत कधी डोकावून बघितलं नव्हतं.

पुढचा हिशेब त्यांनी बिलाच्या मागच्या बाजूला लिहून दाखवला. या बोर्डवर खालचा स्लॉट चिपसेटवरून, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपवरून येतो, पीसीआय एक्सप्रेस (कार्ड जोडायची पद्धत) २.०, एका लेनला सेकंदाला साधारण ५०० एमबी, चार लेन म्हणजे २ जीबी. वरचा थेट प्रोसेसरला जोडलेला, ३.०, लेनला जवळपास १ जीबी. आता वरच्यात सोळाच्या सोळा लेन वायर केलेल्या असल्या तरी ३२००जी ग्राफिक्स कार्डला आठच लेन देतो, म्हणजे साधारण ८ जीबी. तरी खालच्यापेक्षा चौपट. आणि कार्डची स्वतःची चार जीबी मेमरी भरली की उरलेलं सगळं याच रस्त्याने रॅममधून ये-जा करतं, त्यामुळे मोठं मॉडेल उघडलं की नेमकं तेव्हाच अडकायचं.

मग आधीच्याने वर का नाही लावलं? वरच्या स्लॉटची शेवटची क्लिप तुटलेली होती. बहुतेक काहीतरी काढताना क्लिप न दाबताच ओढलं असणार. दादा म्हणाले क्लिप नसली तरी मागचा स्क्रू नीट आवळला की एवढं हलकं कार्ड जागचं हलत नाही. आडव्या येणाऱ्या फॅनच्या वायरी टाय मारून बाजूला घेतल्या, कार्ड वर बसवलं, तिथेच मॉनिटर जोडून जीपीयू-झेड, म्हणजे कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर, चालवून दाखवलं. आधी एक्स८ १.१ दिसलं तर मी पुन्हा घाबरलो, तर म्हणाले कार्ड रिकामं बसलं की पॉवर वाचवायला लिंकचा स्पीड खाली जातो, शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू करा. केली, लगेच ३.० झालं.

घेतले किती? दोनशे रुपये. मी वीस हजार हातात घेऊन उभा होतो आणि त्या माणसाने नवीन कार्ड विकलं नाही. उलट सांगितलं की हे कार्ड ७५ वॅटवालं आहे, स्लॉटमधूनच पॉवर घेतं, मोठं घेतलंत तर आठ पिनची वायर लागेल, मग तुमचा एसएमपीएसही (पॉवर सप्लाय) बदलावा लागेल, आत्ता गरज नाही. घरी आल्यावर भाच्याने तेच मॉडेल उघडलं आणि एका दमात फिरवलं, तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होता. खरंच मनापासून बरं वाटलं.

म्हणून पुढच्या महिन्यात सासऱ्यांच्या मशीनसाठी पुन्हा तिथेच गेलो. ते अजून लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकाची कामं जुन्या पेंटियम ४ वर करतात, कारण मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच आहे आणि त्याचा लॉक (नक्कल होऊ नये म्हणून लावायची डोंगल) जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागतो. डिस्प्ले कार्ड गेलेलं. या वेळी फक्त फोटो घेऊन गेलो होतो. पांढरे चार स्लॉट एका रांगेत, ते पीसीआय, आणि त्यांच्या वर एक तपकिरी, मागच्या पट्टीपासून थोडा आत सरकलेला. दादांनी फोटो मोठा करून लगेच सांगितलं एजीपी, म्हणजे ग्राफिक्स कार्डचा जुन्या पद्धतीचा स्लॉट, यात आत्ताचं कुठलंच कार्ड बसणार नाही. जागेवरूनच कळतं म्हणाले, रंगावर पूर्ण विश्वास नको कारण कंपन्या रंग बदलतात. त्यातही कार्डची खाच बघायची. पट्टीच्या जवळ खाच असेल तर ३.३ व्होल्टवालं, लांब असेल तर १.५, दोन्हीकडे असेल तर दोन्ही चालतं. पेंटियम ४ च्या बोर्डला १.५ लागतं, जोर लावून भलतंच दाबलं तर बोर्ड जाऊ शकतो. आतल्या ड्रॉवरमधून दोन खाचांचं एक जुनं कार्ड शोधून दिलं, सात दिवसांच्या टेस्टिंग गॅरंटीवर. अजून चालू आहे, सासरे खूश.

कमतरता पण सांगतो. दुकान अगदी छोटं, बसायला जागा नाही, शनिवारी दुपारी दीड तास उभं राहावं लागलं, वयस्कर माणसाला त्रास होईल. जुन्या वस्तूला पक्कं बिल स्वतःहून देत नाहीत, मागितलं तर देतात, त्यामुळे मागाच आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. फोनवर काही सांगत नाहीत, बोर्ड बघितल्याशिवाय बोलणार नाही म्हणतात, मला ते बरोबरच वाटतं.

जाणार असाल तर शक्यतो कॅबिनेटच घेऊन जा. नाही जमलं तर तीन फोटो काढा: एक पूर्ण बोर्डाचा वरून, एक स्लॉटच्या शेजारी बारीक अक्षरात जे छापलंय त्याचा, आणि एक फ्लॅश लावून स्लॉटच्या आतल्या पिनांचा. आणि रविवार टाळा, तिथली बरीचशी दुकानं बंद असतात.