जुन्या गिटारचा रंग जुळवताना: चपडा लाख आणि स्पिरिटच्या रंगपुडीचा आठ महिन्यांचा अनुभव

मामांकडून आलेली 1970च्या दशकातील अकूस्टिक गिटार मी गेल्या जूनमध्ये माळ्यावरून उतरवली आणि उतरवतानाच ती शिडीला आपटली. पुढच्या फळीवर, भोकाच्या खालच्या अंगाला नखाएवढे दोन टवके उडाले. मूळ लॅकर इतक्या वर्षांत मधासारखे पिवळे झाले होते, त्यामुळे उघडे पडलेले स्प्रूसचे पांढुरके लाकूड खोलीच्या दारातूनही डोळ्यांत खुपत होते.

पहिली चूक मी घाईने केली. सांगलीतील एका दुकानातून तयार वूड स्टेनचा लहान डबा आणला आणि कापसाने लावला. शाबूत लॅकरवरून तो सरळ पुसला गेला, पण टवक्यातील उघड्या लाकडाने तो अधाशासारखा प्यायला. स्प्रूसच्या गडद रेषांमधील मऊ भाग रंग जास्त शोषतो, म्हणून रेषा उजळ आणि मधले पट्टे काळपट असा उलटाच नमुना उमटला. स्टेन लाकडात मुरतो; या गिटारचा पिवळेपणा मात्र लाकडात नव्हता, वरच्या थरात होता, आणि ही साधी गोष्ट मला डबा रिकामा करण्याआधी सुचायला हवी होती. डागाळलेला भाग ब्लेडने हलकेच खरवडून काढण्यात एक रविवार गेला.

त्यानंतर मी मिरजेला गेलो. तेथील सतार-तंबोऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या लाखेचे पॉलिश होत आले आहे. सतारमेकरांच्या गल्लीतील एका वयस्कर कारागिरांना गिटार दाखवली. “आधी रंग लावू नका, आधी लाख लावा,” असे चाचा म्हणाले. पातळ लाखेचे दोन हात दिले की लाकडाची छिद्रे बंद होतात आणि पुढचा रंग आत न मुरता वरच राहतो, एवढेच त्यामागचे कारण. मूळ थर कशाचा आहे हे पाहण्यासाठी त्यांनी मानेच्या टाचेजवळ, सहसा दिसणार नाही अशा जागी, थिनरचा ओला बोळा टेकवला. थर लगेच चिकट झाला, म्हणजे तो थिनरमध्ये विरघळणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर होता. म्हणून थिनर या कामापासून लांबच ठेवायचा, असे त्यांनी बजावले.

मी 20 ग्रॅम चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) 150 मिली स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवला, मलमलीतून गाळला आणि तळाशी बसलेले मेण सोडून वरचे नितळ द्रावण घेतले. त्यात स्पिरिटमध्ये विरघळणारी पिवळी पूड टाचणीच्या टोकावर मावेल एवढीच घातली, तरी रंग लिंबासारखा झाला. तो दबवण्यासाठी काळा मिसळला तर हिरवट छटा आली. पिवळ्यात काळा पडला की असेच होते. तपकिरी आणि अगदी किंचित तांबडा घातल्यावर कुठे मधाचा रंग जमला.

जुळणी तपासण्याची जी पद्धत मला सर्वांत उपयोगी पडली, ती अशी: पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर एक थेंब पसरून सुकू द्यायचा आणि पट्टी टवक्यावर धरून पाहायची. रात्री ट्यूबलाइटखाली हुबेहूब वाटलेली माझी एक छटा सकाळी खिडकीशी चक्क नारिंगी दिसली, म्हणून निर्णय दिवसाच्या उजेडातच घ्यावा. रंग नेहमी हवा त्यापेक्षा फिका ठेवून बारीक ब्रशने एकेक थर चढवला. सात थर लागले, आणि त्यावर बिनरंगी लाखेचे पाच.

आता आठ महिन्यांनंतरची स्थिती. वरचा टवका शोधल्याशिवाय सापडत नाही. खालचा तिरक्या उजेडात किंचित खोलगट दिसतो, कारण तो पूर्ण भरण्याइतका धीर माझ्यात उरला नव्हता. ऑगस्टमध्ये सलग पावसाच्या दिवसांत दिलेला एक थर हवेतील दमटपणामुळे दुधी झाला. त्यावर स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा फिरवून, तो कोरड्या दिवशी पुन्हा द्यावा लागला. लाख घाम आणि उष्णता फारशी सोसत नाही, त्यामुळे कडेवर जिथे उजवा हात टेकतो तिथला ओरखडा मी याच पद्धतीने भरला होता, तो मंद पडून चिकट झाला आहे. त्या जागेसाठी हा उपाय मी सुचवणार नाही. दुसरी उणीव उन्हाची. गिटार दोन महिने पश्चिमेच्या खिडकीजवळ राहिली आणि तांबडी छटा थोडी उडाली. हे रंग उन्हात टिकत नाहीत.

द्रावणाच्या बाटलीवर तयार केल्याची तारीख लिहून ठेवली होती, ते बरे झाले. जुनी लाख नीट वाळत नाही आणि बोटाला लागत राहते. गेल्या आठवड्यात काचेवर टाकलेला थेंब दुसऱ्या दिवशीही नखाने दबला, म्हणून उरलेले द्रावण ओतून दिले आणि खालच्या टवक्यासाठी नवा चपडा भिजत घातला आहे.